पाठ केलेली माणसं

२ मार्च, रविवार

शी! सकाळपासून कागदामागून कागद आणि एकातही जीव नाही.

काम काय तर मोबाइलवर एक मिनिट लावायचं, समोर जे माणूस असेल ते बघायचं आणि वाजायच्या आत त्याचा झोक कागदावर घ्यायचा. नाक-डोळे नकोत, कपडे नकोत. वजन कोणत्या पायावर आहे, खांदा कुणीकडं उतरलाय, कंबर कुठं मोडलीय — बस्स. जेश्चर म्हणतात याला. माझ्या कागदावर काय येतं? बटाट्याची पोती! पोत्यांना हात फुटलेले!

गेल्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात प्रवेशाला हेच होतं. समोर जिवंत बाई उभी केलेली, दर मिनिटाला वेगळी उभी राहायची. परीक्षक टकले, चष्मा कपाळावर चढवलेला. माझा कागद उचलून म्हणाले, "ही माणसं कुठून पाठ करून आलात?" सगळी पोरं हसली. वर्ष झालं, अजून आठवलं की कान गरम होतात.

यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. नंबर नाही लागला तर सेलूतच, बाबांच्या शाळेत, बाबांच्या जागेवर आता तात्पुरती आहे तीच चित्रकलेची बाई म्हणून कायम. संस्थावाले तयार आहेत, आई तर कधीची तयार आहे. आणि मग मरेपर्यंत पोरांना बाबांनी पाठ करून घेतलेली तीच आठ माणसं शिकवायची.

३ मार्च, सोमवार

समोर आई भाकरी थापत बसलेली. आणि माझ्या हातातून उतरली त्या आठातली, डोक्यावर कळशी घेतलेली बाई! थू.

७ मार्च, शुक्रवार

आईला म्हटलं, बस जरा, तुझं काढते. तर म्हणे, "थांब, साडी बदलून येते." बदलून आली. पावडर लावून आली! खुर्चीत ताठ, हात मांडीवर, नजर भिंतीवर. मी म्हटलं, अगं हल की, काहीतरी कर. "हल्ल्यावर फोटो बिघडत न्हाई का?" फोटो नाही हा, आई! मिनिटभर श्वाससुद्धा घेतला नाही बाईनं. माणूस काढायचं सोडून मी खुर्ची काढली. खुर्ची बरी आली. तीच एक जिवंत वाटत होती.

१२ मार्च, बुधवार

शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर गेले. म्हटलं, तिथं माणसं आपापल्या नादात असतील. कसलं काय! वही काढली की दहा माणसं मागं. मोबाइल वाजला की सगळे माझ्याकडं बघायलेत.

एक म्हातारी छान बसली होती — एक पाय वर, कोपर गुडघ्यावर, गाल तळहातावर. अशी बसली होती की वा! मी पेन्सिल टेकवली आणि तिनं बघितलं. झालं! पाय खाली, पदर डोक्यावर, पाठ सरळ. आणि सांगायला लागली, "सरजाबाई किसन, राहणार झरी. आधार कार्ड हाय, झेरॉक्सबी हाय. कोणती योजना हाय बाई?" योजना नाही मावशी, चित्र आहे, म्हटलं. तर रागावली. "मग कामून लिहायलीस?" शेजारचा माणूस म्हणाला, "माझंबी लिहा, मॅडम." ओळच लागली! सगळे ताठ, सगळे समोर बघणारे, शर्टाची वरची गुंडी लावून.

या जिल्ह्यात माणसं एक तर काम करतात, नाहीतर पासपोर्टच्या फोटोला बसतात. मधलं काही नाहीच!

१७ मार्च, सोमवार

आज भांडण झालं. लिहायचं नव्हतं. लिहिते.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या पोरांचा जादा वर्ग मी घेते. विषय दिला — बाजार. वर्गातून फिरले. पहिल्या बाकावर कळशीवाली, दुसऱ्या बाकावर कळशीवाली, शेवटच्या बाकापर्यंत कळशीवाली. बाजारात कळशी घेऊन कोण जातं? पण सगळ्यांना पाठ. कळशीवाली, छत्रीवाले आजोबा, फुगेवाला, वाकलेली भाजीवाली, सायकलवाला, झाडणारी, कडेवर लेकरू घेतलेली, पाठमोरा टोपीवाला. ही आठ माणसं बाबांनी बसवलेली. डोक्याचं अंडं, पोटाची कैरी, पायाची केळी — गाण्यासारखं घोकून घेतात लेकरं. विषय काहीही येवो, जत्रा असो की रेल्वे स्टेशन, आठातली पाच कागदावर टाकायची की ए ग्रेड. अख्ख्या तालुक्यात सिद्धोधन गुरुजींची पोरं म्हणून नाव! मी पण त्यांचीच. मी तर सहा वर्षांची असल्यापासून कळशीवाली काढतेय. तीच हातात घट्ट बसलीय, धुतली तरी जात नाही.

घरी आले तर बाबा ओट्यावर ब्रश धुवत बसलेले. रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी रोज ब्रश धुतात. माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "हाताला कोपर कुठंय गं? आधी अंडं टाक, मग कैरी..."

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या त्या आठ माणसांनी वाटोळं केलं माझं! किळस येते मला त्यांची!"

आई आतून, "शीला! जीभ आवर."

बाबांनी ब्रश झटकला. म्हणाले, "मलाबी तेवढीच येतात, बाई. नववं येत असतं तर शिकवलं नसतं का?"

१८ मार्च, मंगळवार

बाबा बोलत नाहीत. मी पण नाही.

२३ मार्च, रविवार

लाज! भर बाजारात लाज!

मी वही घेऊन निघाले तर बाबा मागं. काखेत रद्दीचं भेंडोळं, हातात पिशवी. पिशवीत काय तर हरिओमच्या इस्त्रीच्या दुकानातून आणलेला कोळसा! म्हटलं, हे काय? "पेन्सिल दे इकडं." घेतली आणि खिशात घातली. खोडरबर पण घेतलं. "कोळशाचं टोक बग केवढं हाय. यानं नाक काढून दाखव." रद्दीवर काढायचं म्हणे, कोळशानं, उभं राहून, हात खांद्यापासून फिरवत. मला तर तिथंच मरावं वाटलं.

आणि पुढं ऐका. मोबाइल पण काढून घेतला. "ह्याच्या आवाजानं माणसं बिचकतात. मी खोकतो. खोकलो की मिनिट झालं." आणि गेले सरळ रसवंतीवाल्याकडं आणि भांडायला लागले! "ह्यो रस हाय का पाणी?" म्हणून. रसवंतीवाला बाबांचाच जुना विद्यार्थी. तो बिचारा हात जोडतोय, ऊस उचलून दाखवतोय, छातीला हात लावतोय, कपाळावर हात मारतोय. "गुरुजी, आईशपथ बर्फच घातला न्हाई!" आजूबाजूचे मधे पडायलेत. कुणी मला बघतंय कुठं? सगळे रसात! मी मागं हातगाड्याच्या आडून कोळसा ओढत होते. खोकला. पान उलट. खोकला. पान उलट. एक बाई म्हणाली, "गुरुजींला दवाखान्यात दाखवा की, किती खोकायलेत."

घरी येऊन पसरून बघितलं. घाण. सगळंच घाण. काळे फराटे, खाली बातम्या, मधेच निधनवार्तेतला कुणाचा तरी चेहरा.

पण कळशीवाली नव्हती. एकाही कागदात.

३० मार्च, रविवार

नखात कोळसा, नाकात कोळसा, पोळीवर कोळसा. आईनं ताट आदळलं. आज पुन्हा बाजार, पुन्हा तमाशा. आज बाबांनी तराजू खोटा म्हणून ओरड केली. फळं विकणाऱ्या बागवान मावशीनं भर बाजारात जे सुनावलं ते लिहिता येणार नाही! पण काय हात केले तिनं!

सगळे फाडून टाकले. बाबा बघत होते. "फाड," म्हणाले. "रद्दी लय हाय."

६ एप्रिल, रविवार

देवगाव फाट्यावर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटायलंय. इथं गाड्या बदलणारी माणसं ताटकळत असतात. बाबांना कुणी ओळखत नाही, मग भांडण कुणाशी काढणार? मला वाटलं, सुटले.

तर बाबांनी चष्मा काढून खिशात घातला आणि "माझा चष्मा! चष्मा पडला!" म्हणून आरडायला लागले. शेडमधली माणसं उठली. कुणी उकिडवं बसलं, कुणी ओणवं झालं, एक पैलवानासारखा माणूस आडवा होऊन बाकड्याखाली हात घालतोय, एक बाई लेकरू कडेवर तसंच ठेवून एका पायावर वाकलेली. माझ्या मनात आलं, कडेवर लेकरू घेतलेली! आठातली एक. पण बाबांच्या त्या बाईला कंबरच नव्हती. हिला होती, आणि अख्खं वजन त्या कंबरेत लेकराच्या विरुद्ध बाजूला गेलं होतं. हात आपोआप तिकडं गेला. खोकला. उलटलं.

आणि बाबा स्वतः गुडघ्यावर, त्या थुंकलेल्या फरशीवर रांगायलेत. रिटायर्ड मास्तर! मला शिसारी आली, बाबांचीही आणि माझीही. गरीब माणसं आपली कामं सोडून शोधायलीत आणि हा माणूस खिशात चष्मा घालून खोकतोय. शेवटी "सापडला, सापडला" झालं. त्या पैलवानानं बाबांना धरून उठवलं, पाणी पाजलं. म्हणाला, "काका, दोरी लावा चष्म्याला."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "लाज वाटत नाही का हो तुम्हाला?"

"वाटायली की," बाबा म्हणाले. "किती झाले?"

पंधरा-सोळा झाले होते. दोन बरे होते. नाही, बरे नव्हते. पण ती दोन माणसं होती.

७ एप्रिल, सोमवार

बाबांचे गुडघे सुजले. आई मला बोलली नाही, त्यांना बोलली. पण ऐकवायचं होतं मला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक. डीजेनं छाती फुटायची वेळ. ढोल, निळी पावडर, घाम, पायावर पाय. मी एका दुकानाच्या ओट्यावर चढून काढत होते. खोकला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. बाबा पांढऱ्या शर्टात लेझीमवाल्यांत घुसलेले, सुजलेल्या गुडघ्यांनी! मिनिट कधी झालं, कधी नाही — कळलं नाही. एक माणूस हलला की त्याचा पुढचा झोक बघायचा, तो पण हलला की त्याच्या पुढचा.

आज एक कागद न फाडता ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

रात्री बरा वाटलेला कागद सकाळी बघितला. तो पण फाडला. माणसाला इतकी स्वतःची किळस येऊ नये खरं तर.

माधवी मॅडम शाळेत विचारत होत्या, "शीला, तुझ्या बाबांना काय झालंय गं? परवा स्टँडवर दोन रिक्षावाल्यांची भांडणं लावून देत होते म्हणे." मी म्हटलं, वय झालंय. दुसरं काय सांगणार?

२७ एप्रिल, रविवार

पारा कुठल्या कुठं गेलाय. बाहेर चिटपाखरू नाही. काढणार कुणाला? आई झोपली तर झोपलेली आई — सहा वेळा तेच. बाबा बनियनवर ओट्यावर पंखा लावून बसलेले. अचानक म्हणाले, "मला काढ."

बाबा कधीच कुणाला स्वतःला काढू देत नाहीत. शाळेच्या निरोप समारंभात पोरांनी काढलेलं चित्रसुद्धा उलटं करून कपाटात ठेवलंय. उभे राहिले. आधी तेच — ताठ, छाती पुढं, हनुवटी वर. मी म्हटलं, "बाबा, झेंडावंदन नाही हे." हसले. मग पंख्याची वायर काढायला हात वर केला आणि तसेच थांबले. टाचा उचललेल्या, पोट सुटलेलं, बनियन वर सरकलेली, दंडाचं कातडं लोंबायलंय. घाण दिसत होतं. बापाचं असं अंग बघू नये वाटलं, पण डोळे हटेनात. मिनिट झालं, तरी खोकले नाहीत. दुसरं मिनिट. मीच म्हटलं, बास की आता.

कागद हातात घेऊन बघत बसले. "डोळे न्हाईत. नाक न्हाई." मग म्हणाले, "पण मीच हाय गं ह्यो." आणि उठून आत गेले. पाणी प्यायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

हा कागद फाडला नाही. उद्या पण फाडणार नाही.

१८ मे, रविवार

रोज. फाट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. पंगतीत बाबा वाढपी झाले! "अजून घ्या, अजून घ्या" करत एकेकाच्या अंगावर वाकायचे, लोक नको-नको म्हणत मागं कलायचे. नको म्हणणाऱ्या माणसाची पाठ — काय सुंदर असते ती! हे मी लिहितेय? मी? बरं, एक पाठ सुंदर होती. बाकी बासुंदी खाऊन सुटलेली पोटं.

७ जून, शनिवार

उद्या पुण्यात परीक्षा. बाबा सोबत येणार म्हणे. मी म्हटलं, एकटी जाते. आईनं दोघांचाच डबा बांधला. विषय संपला.

९ जून, सोमवार

कशी लिहू?

परीक्षा चांगली झाली. हे आधी लिहिते, कारण हे पण खरं आहे. समोर एक उंच काळासावळा माणूस होता, दर मिनिटाला वळायचा. मी कोळसा धरला आणि मग खोली राहिलीच नाही. त्याची मान, त्याची वाकलेली कंबर, त्याचा तो एक आडमुठा खांदा. घंटी वाजली की पुढचं. हातातून एकही पाठ केलेलं माणूस आलं नाही. एकही नाही!

मग तिथंच, एकेकाला टेबलाशी बोलावून विचारपूस. तेच टकले सर. चष्मा यंदाही कपाळावरच. माझे कागद एकेक करून उलटले, परत पहिल्यापासून उलटले. शेजारच्या मॅडमना दाखवले. "हे बघा वजन. हा माणूस उभा आहे, खरंच उभा आहे." मग माझ्याकडं बघून, "कुठल्या तुम्ही?"

"सेलू. परभणी जिल्हा."

"कुणाकडं शिकलात?"

एका क्षणात डोक्यात काय काय आलं! सिद्धोधन गुरुजींकडं म्हटलं तर विचारतील, ते कोण? शाळेतले चित्रकलेचे मास्तर. म्हणजे ती आठ माणसं. म्हणजे गेल्या वर्षीची पोरगी ती हीच, हे ओळखतील आणि पुन्हा हसतील. मी म्हटलं, "कुणाकडं नाही, सर. कुणीच शिकवलं नाही. माझं मीच."

सर म्हणाले, "शाबास!"

मी वळले. दार उघडंच होतं. दारात बाबा. हातात पाण्याची बाटली. माझी बाहेरच राहिली म्हणून आणून द्यायला आलेले, शिपायानं अडवलेलं.

ऐकलं का? नाही ऐकलं? बाबांच्या तोंडावर काहीच नव्हतं. "झालं? चल, डबा खाऊन घे, आंबून जाईल," एवढंच. गाडीत खिडकी मला दिली. जालन्याच्या पुढं झोप लागली त्यांना. अख्ख्या वाटेत एकदा पण खोकले नाहीत.

मला माझी घाण वाटतेय. कोळशाची नाही, चित्रांची नाही. माझी.

१० जून, मंगळवार

विचारायचं होतं. चहा देताना तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "साखर कमी झालीय." मी साखर आणून दिली.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. नवी पोरं. बाबा घरीच असतात. बाजारात बोलावलं तर म्हणाले, "आता कशाला? आता येतंय की तुला."

२७ जून, शुक्रवार

नंबर लागला. यादीत तिसरं नाव. बाबांनी पेढे आणले, मला सोबत घेऊन अख्खी गल्ली फिरले. रसवंतीवाल्यानं पाय धरले, म्हणाला, "गुरुजी, शेवटी तुमचीच शिकवण!" बाबा मोठ्यानं हसले. म्हणाले, "न्हाई रे बाबा. तिला कुणीच शिकवलं न्हाई. तिचं तीच शिकली." पुढच्या घरी पण तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या घरी पण. मी शेजारी उभी, तोंडात पेढा.